गाडी सुरतची, टॅक्स नगरचा!

"अगं, पन्नास हजार वाचतायत. सरळ सुरतला जा!"

सुपा एमआयडीसीतल्या आमच्या कंपनीच्या बसमध्ये सकाळी पावणेआठला मिळालेला हा सल्ला. देणारी माझी मैत्रीण, पर्चेस डिपार्टमेंटची. त्यामुळे तिच्या शब्दाला वजन! तिने मोबाइल माझ्यासमोर धरला. पांढरीशुभ्र हॅचबॅक, पेट्रोल, २०२१चं मॉडेल, चाळीस हजार किलोमीटर, फर्स्ट ओनर. किंमत ४ लाख ६० हजार. तीच गाडी, तेच मॉडेल, नगरमध्ये मी आदल्याच रविवारी बघून आले होते. सव्वापाच लाखांवरून सुरुवात करून तो माणूस ५ लाख १५ हजारांवर अडला होता आणि तिथून एक पैसाही खाली यायला तयार नव्हता.

ही गोष्ट मार्च २०२५ची. आमचं बजेट होतं पाच लाख. त्यातले तीन माझे आणि दोन अप्पांच्या मोडलेल्या एफडीचे. अप्पा म्हणजे माझे वडील, रिटायर्ड शिक्षक. एफडी मोडताना त्यांनी एकच वाक्य उच्चारलं होतं, "पाच म्हणजे पाच." पाचवीच्या वर्गाला गणित शिकवणाऱ्या माणसाशी आकड्यांवरून वाद घालायचा नसतो, हे मी लहानपणीच शिकलेय.

तर पन्नास हजार वाचणार म्हटल्यावर मी हवेतच. गुजरातचा नंबर असेल, असू दे की! नगरमध्ये बाहेरच्या नंबरप्लेटचं कुणाला कौतुक आहे? शिर्डीला आणि शिंगणापूरला येणाऱ्या भाविकांच्या गाड्या बघा. कर्नाटक, तेलंगण, गुजरात, तमिळनाडू, सगळा देश रस्त्यावर दिसतो. भिंगारला जा, तिथे लष्कराचं आर्मर्ड कोअर सेंटर, एमआयआरसी. जवानांच्या आणि अधिकाऱ्यांच्या पंजाब, हरियाणा, राजस्थानच्या गाड्या लहानपणापासून बघतोय आम्ही. त्या गर्दीत माझी एक जीजे-०५ कुणाच्या डोळ्यांवर येणार?

हा माझा पहिला गैरसमज.

सुरतेची स्वारी

शनिवारी पहाटे भावाला झोपेतून उठवून निघालो. नाशिक, सापुतारा आणि सुरत. सापुताऱ्याच्या घाटात चहा प्यायलो, फोटोबिटो काढले. पिकनिकच म्हणा ना. डीलरच्या यार्डात गेल्यावर मात्र धक्का. आमच्याशी बोलायला आलेला सेल्समन अस्सल खानदेशी! नंदुरबारकडचा. सुरतमध्ये खानदेशची इतकी माणसं आहेत की मराठी बोलायला लाज वाटत नाही. "या ना बेन," म्हणाला. बेन गुजराती, बाकी सगळं मराठी.

गाडी झकास होती. भावाने बॉनेट उघडून मान डोलावली (त्याला त्यातलं काय कळतं ते देवाला ठाऊक). मग बिलाची वेळ आली. सेल्समनने कॅल्क्युलेटर पुढे सरकवला. त्यावर आकडा होता ५,४२,८००.

"हे काय?"

"जीएसटी बेन. अठरा टक्के. नवीन नियम आहे."

नियम नवीन होता हे खरं. डिसेंबर २०२४मध्ये जैसलमेरला जीएसटी परिषदेची बैठक झाली होती. पॉपकॉर्नवर किती टॅक्स यावरून देशभर जोक्स फिरले होते ना, तीच. त्याच बैठकीत जुन्या गाड्यांवरचा जीएसटी सरसकट १८ टक्के करायचं ठरलं आणि जानेवारी २०२५मध्ये ते लागू झालं. त्याआधी छोट्या गाड्यांना तो १२ टक्के होता. पण जोक्सच्या नादात मी बातमीही वाचली होती, आणि त्या एका बातमीने त्या दिवशी माझे पंच्याहत्तर हजार वाचवले. कारण हा टॅक्स गाडीच्या पूर्ण किमतीवर नसतोच! डीलरने गाडी जेवढ्याला घेतली आणि जेवढ्याला विकली, त्यातल्या फरकावर असतो. त्याच्या मार्जिनवर. समजा त्याने ४ लाख २०ला घेतली आणि ४ लाख ६०ला विकली, तर अठरा टक्के लागणार चाळीस हजारांवर. म्हणजे ७,२०० रुपये. ८२,८०० नव्हे! मार्जिन शून्य असेल किंवा तोटा असेल तर टॅक्सही शून्य. आणि तुम्ही-मी आपली स्वतःची गाडी शेजाऱ्याला विकली, तर त्यात जीएसटीचा संबंधच नाही.

मी हे सगळं एका दमात बोलून दाखवलं. सेल्समन आत गेला, दहा मिनिटांनी बाहेर आला. "शेठ म्हणतात, मिस्टेक झाली." शेवटी सगळं धरून ४ लाख ६५ हजारांना सौदा ठरला. मिस्टेक होती की मिस्टेक करून बघितली होती, यावर भाऊ आणि मी परतीच्या वाटेवर नाशिक येईपर्यंत भांडलो.

जो भेटेल त्याला मी हे सांगत सुटले. खरेदीतली हुशारी म्हणजे मी! अप्पांनी डायरीत लिहिलंही: "गाडी ४,६५,०००. बचत ५०,०००." खाली दोन रेघा.

बारा महिन्यांची दंतकथा

सुरतच्या डीलरने जाताना एक मंत्र दिला होता. "एक वर्ष बिनधास्त फिरवा बेन. बारा महिने काही लागत नाही." हाच मंत्र मला ऑफिसात चार जणांनी, सोसायटीत दोघांनी आणि गॅरेजवाल्यानेही दिला. इतके लोक सांगतायत म्हणजे खरंच असणार!

अर्धं खरं आहे. मोटार वाहन कायद्याचं ४७ वं कलम म्हणतं की, एका राज्यात नोंदवलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवली तर तिला नव्या राज्याचा नंबर घ्यावा लागतो. पण हे झालं नंबरचं. टॅक्सची गोष्ट वेगळी, तिचा कायदाही वेगळा. महाराष्ट्राचा मोटार वाहन कर कायदा १९५८चा आणि तो राज्यात वापरल्या जाणाऱ्या किंवा वापरासाठी ठेवलेल्या गाडीवर कर लावतो. नंबरप्लेट कुठली, हा त्याचा प्रश्नच नाही. शिर्डीला दर्शन घेऊन परत जाणाऱ्या पाहुण्याची गाडी निराळी आणि सावेडीतल्या पार्किंगमध्ये मुक्कामाला आलेली माझी गाडी निराळी. शिवाय मी तर गाडी विकतच घेतली होती. मालकच बदललाय म्हटल्यावर ट्रान्सफर टाळून चालेल कसं?

हे सगळं मला समजावून सांगितलं आरटीओतल्या एका साहेबांनी, तेही न वैतागता. काउंटरवर कागदांची यादी मिळाली. पलीकडच्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८. नव्या नंबरसाठी २७. मालकी बदलायला २९ आणि ३०. आधीच्या मालकाचं लोन असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५. इन्शुरन्स, पीयूसी, चासी नंबरचा पेन्सिलने घासून काढलेला ठसा. आणि गाडीची मूळ इन्व्हॉइस.

"मूळ इन्व्हॉइस कशाला? मी तर ४ लाख ६५ला घेतलीय. हे बघा बिल."

साहेब हसले. "मॅडम, टॅक्स तुमच्या किमतीवर नाही लागत. गाडी नवीन असताना जी किंमत होती, तिच्यावर लागतो."

इथे माझ्या पोटात गोळा आला. महाराष्ट्रात खासगी पेट्रोल गाडीचा एकरकमी कर असा: दहा लाखांपर्यंतच्या गाडीला ११ टक्के, दहा ते वीस लाखांना १२, त्यावर १३. डिझेलला प्रत्येक टप्प्यावर दोन टक्के जास्त. माझ्या गाडीची २०२१ची शोरूम किंमत होती सात लाख. ११ टक्क्यांनी झाले ७७ हजार. गाडी चार वर्षांची, म्हणून वयाप्रमाणे त्यात सूट मिळाली. ती वजा करून जी रक्कम उरली, ती डायरीतल्या दोन रेघांवरच्या बचतीला गिळून वर ढेकर देणारी होती.

अप्पांनी डायरी उघडली. काही बोलले नाहीत. "बचत" शब्दावर नुसती एक आडवी रेघ मारली.

काकांची मारुती आणि तो पंधरा महिन्यांचा हिशेब

आमच्या घराण्याला ही हौस नवी नाही म्हणा! काकांनी नव्वदच्या दशकात असाच बेत आखला होता. तेव्हा जीएसटी नव्हता, विक्रीकर होता आणि प्रत्येक राज्याचा दर वेगळा. शेजारच्या राज्याचं गिऱ्हाईक आपल्याकडे खेचायला राज्यं दर कमी करत सुटली होती. अर्थातच लोक स्वस्त जागी जाऊन गाडी घ्यायचे आणि चालवत घरी आणायचे.

महाराष्ट्र सरकार काही झोपलं नव्हतं. १९८७ साली राज्याने खास मोटार गाड्यांसाठीच प्रवेश कराचा कायदा केला. बाहेरून आणलेली गाडी इथे नोंदवायला आलात की इथल्या विक्रीकराएवढी रक्कम भरायची, आणि तिकडे जो विक्रीकर भरला असेल तो त्यातून वजा. थोडक्यात, फरक काढा! सुटका एकच. गाडी बाहेरच्या राज्यात पंधरा महिने किंवा त्याहून जास्त काळ नोंदलेली असेल तर हा कर नाही. काकांनी म्हणे कॅलेंडरवर पंधरा महिने मोजायला सुरुवात केली होती. तिसऱ्या महिन्यात काकूने विचारलं, "गाडी दारात यायची कधी, मुलीच्या लग्नात?" बेत बारगळला.

पुढे जानेवारी २०००पासून राज्यांनी विक्रीकराचे किमान दर एकसारखे ठेवायचं मान्य केलं. २००५मध्ये व्हॅट आला. आणि १ जुलै २०१७ला जीएसटीच्या पोटात हे सगळं गेलं, गाड्यांवरचा तो प्रवेश करसुद्धा. मात्र त्याच्या जुन्या केसेस कोर्टात चालूच राहिल्या. तमिळ सुपरस्टार विजय यांनी इंग्लंडहून मागवलेल्या रोल्सरॉइसचा किस्सा आठवत असेल. तमिळनाडूच्या प्रवेश करातून सूट मिळावी म्हणून ते कोर्टात गेले होते. जुलै २०२१मध्ये मद्रास हायकोर्टाने अर्ज तर फेटाळलाच, वर एक लाखाचा दंड ठोठावून चार शब्द सुनावले. नंतर खंडपीठाने त्या दंडाला स्थगिती दिली. मला हा किस्सा वाचून तेव्हा हसू आलं होतं. आरटीओच्या बाकड्यावर बसल्यावर विजयविषयी एकदम आपुलकी वाटायला लागली!

मग नवी गाडीच बाहेरून घेतली तर?

हा प्रश्न माझ्या पर्चेसवाल्या मैत्रिणीचा. ती हार मानणाऱ्यांतली नाही. "जुन्या गाडीचं राहू दे. गुजरातमध्ये रोड टॅक्स सहाच टक्के आहे. आपल्याकडे अकरा. नवीन गाडी तिकडूनच घ्यायची ना!"

सहा टक्के हे खरं आहे. नऊ लाखांच्या गाडीवर फरक होतो पंचेचाळीस हजारांचा, मोह पडणारच. पण नीट बघा. नव्या गाडीच्या किमतीत जीएसटी असतो, तो सुरतला घ्या नाहीतर सावेडीला, दर तोच. बिलावर केंद्र आणि राज्य अशा दोन ओळी येतील किंवा आयजीएसटीची एकच ओळ येईल. बेरीज बदलत नाही. राहिला रोड टॅक्स. गाडी नोंदवायची असते आपण जिथे राहतो किंवा धंदा करतो आणि गाडी जिथे ठेवतो, त्या राज्यात. मी राहते नगरला. मग सुरतचा डीलर मला टेम्पररी नंबर लावून देणार, मी गाडी इथे आणणार आणि अकरा टक्के इथेच भरणार. सहा टक्क्यांसाठी लागतो गुजरातचा पत्ता. तो नसताना असल्याचं दाखवणं ही शक्कल नव्हे, सरळसरळ खोटा कागद आहे. २०१७मध्ये केरळात काही फिल्मस्टार्सच्या महागड्या गाड्या पुदुच्चेरीच्या पत्त्यांवर नोंदवल्याचं प्रकरण बाहेर आलं, तेव्हा पोलिसांच्या चौकशीपर्यंत मजल गेली होती. तिथे तर गाड्या कोट्यवधींच्या होत्या. आपण पंचेचाळीस हजारांसाठी!

कायदेशीर पळवाट म्हणाल तर एक आहे, पण ती सगळ्यांसाठी नाही. बीएच सिरीज. ऑगस्ट २०२१मध्ये तिची अधिसूचना निघाली. लष्करातले, केंद्र-राज्य सरकारी नोकरीतले आणि चार किंवा जास्त राज्यांत ऑफिसं असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी तिला पात्र. पंधरा वर्षांचा टॅक्स एकदम भरायचा नाही, दोन-दोन वर्षांचा भरायचा, आणि बदली झाली की नंबर बदलायची कटकट नाही. भिंगारमध्ये आता पाहिलंत तर या प्लेट्स भरपूर दिसतील. आमच्या कंपनीची ऑफिसं दोन राज्यांत. मैत्रिणीने एचआरला मेल टाकून विचारलं, "आणखी दोन कधी उघडताय?" एचआर म्हणजे मीच. मी उत्तर दिलं नाही.

सुरतचे काका

आता उरली एकच आशा, रिफंड. गाडीच्या पहिल्या मालकाने २०२१मध्ये गुजरातला पंधरा वर्षांचा कर भरला होता. गाडी चार वर्षांतच राज्य सोडून आली. मग न वापरलेल्या वर्षांचा कर परत मिळायला हवा की नको? मिळतो. पण आपोआप मिळत नाही, मागावा लागतो, आणि तोही गाडी इथे नोंदवून, इथला कर भरून झाल्यावर. म्हणजे आधी दोन्हीकडचा टॅक्स गाडीच्या डोक्यावर, मग एकीकडचा थोडा परत. तोपर्यंत पैसे आपले अडकलेले.

आणि खरी मेख पुढेच. डीलर म्हणाला होता, "रिफंड तुम्हालाच." मला मात्र सांगण्यात आलं की कर ज्याच्या नावावर भरलेला, अर्जावर सही त्याची लागणार. डीलरने आता फोन उचलणं बंद केलं होतं. आरसी बुकावर पत्ता होता. मी त्या पत्त्यावर मराठीतच पत्र टाकलं, का कोण जाणे. आठ दिवसांनी फोन आला.

"मी बोलतोय, तुमच्या गाडीचा आधीचा मालक. कशी आहे हो गाडी?"

अमळनेरकडचे गृहस्थ. तीस वर्षं सुरतेत. मुलगी बडोद्याला असते, म्हणून गाडी घेतली होती; मग डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि मुलीने चालवायची बंदी घातली. पहिली पाच मिनिटं फक्त गाडीची चौकशी. सेकंड गिअर थंडीत अडतो का, डाव्या दाराचा आवाज येतो का. मग हळूच म्हणाले, "त्याने कितीला विकली तुम्हाला?" मी आकडा सांगितला. पलीकडे जरा शांतता. "माझ्याकडून ४ लाख २०ला नेली." म्हणजे माझा तो समजा-म्हणून धरलेला आकडा बरोब्बर निघाला! आम्ही दोघंही हसलो. त्यांचं हसणं जरा कमी होतं.

सही करायला ते एका पायावर तयार. मूळ इन्व्हॉइस त्यांच्याकडेच होती, ती त्यांनी आधीच कुरिअर केली होती, म्हणून तर माझं नगरचं काम पुढे सरकलं. पण टॅक्सची पावती सुरतच्या फ्लॅटच्या कपाटात, किल्ली मुलीकडे आणि काका तेव्हा मुलीकडे मुक्कामाला. गणपतीनंतर सुरतला जाऊ म्हणाले. पैसे त्यांच्या खात्यात येतील आणि ते मला पाठवतील, असं तोंडी ठरलंय. कागदावर काहीच नाही. "समजा त्यांनी नाही पाठवले तर?" भावाने विचारलं. अप्पा म्हणाले, "चार वर्षांनीसुद्धा गाडीचा गिअर विचारतो, तो माणूस पाठवील."

मे महिन्यात गाडीला एमएच-१६ची प्लेट लागली. अप्पांनी नारळ फोडला, पेढे वाटले. सगळं संपलं असं वाटेपर्यंत सप्टेंबर उजाडला. २२ सप्टेंबर २०२५पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के झाला. त्याआधी पेट्रोलच्या छोट्या गाडीला सेस धरून तो २९ होता. सात लाखांच्या नव्या गाडीमागे साठेक हजारांचा फरक! नव्या स्वस्त झाल्या म्हटल्यावर जुन्यांनाही खाली यावंच लागणार. दिवाळीच्या आधी मी सहज म्हणून त्या नगरच्या माणसाच्या यार्डात डोकावले. तीच ती हॅचबॅक, २०२१ची, ५ लाख १५वाली, अजून उभी होती.

"ताई, द्या ४ लाख ७५," तो म्हणाला. "नंबर आपलाच आहे, एमएच-१६. टॅक्सबिक्सची भानगड नाही."

घरी हे सांगायचं नाही असं भावाचं आणि माझं ठरलं. रात्री जेवताना अप्पांनीच विषय काढला. ते आदल्याच दिवशी तिथे जाऊन आले होते.